दोन शिवारांतून दिसलेला उजेड

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. गुढ्या उतरवून झाल्या होत्या. पुरणपोळीचं जेवण आणि एप्रिलचा उकाडा यांनी सुस्तावलेली माणसं गच्चीवर, ओट्यावर, अंगणात येऊन बसली होती. पावणेआठच्या सुमाराला आभाळातून काहीतरी जळत गेलं. एक ठळक गोळा, त्याच्या मागेपुढे लहान-लहान तुकडे, प्रत्येकाला तांबूस-पिवळी शेपटी आणि सगळ्यांची चाल एकसारखी, संथ. तारा तुटला की बोट दाखवेपर्यंत विझलेला असतो. इथे लोकांनी खिशातून मोबाईल काढला, कॅमेरा सुरू केला, घरातल्यांना हाका मारून बाहेर बोलावलं, तरी ते जळतच होतं. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पलीकडे मध्य प्रदेशाचा पश्चिम भाग, एवढ्या मोठ्या टापूने ते एकाच वेळी पाहिलं.

रात्री झोपायच्या आत खुलाशांचा पाऊस पडला. उल्का, पेटलेलं विमान, कुणाचं तरी क्षेपणास्त्र, नव्या संवत्सराचा शकुन आणि अर्थातच परग्रहावरचे पाहुणे. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे चाळीस किलो वजनाचं धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. जवळच्याच पवनपारच्या शिवारात एक पोकळ धातूचा गोळा मिळाला. आकाशातून गेलेल्याचा पुरावा जमिनीवर आला आणि अफवांची हवा बरीचशी गेली.

ओळख पटली ती टप्प्याटप्प्याने. पहिला संशय त्याच संध्याकाळी न्यूझीलंडमधून उडालेल्या इलेक्ट्रॉन रॉकेटवर गेला. मग अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दुसरा उमेदवार पुढे केला: फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा. काम संपल्यावर तो वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता आणि नेमका त्या तासाभरात खाली येण्याची शक्यता आधीच वर्तवलेली होती. वेळ जुळली, मार्ग जुळला. पश्चिम मध्य प्रदेशापासून चंद्रपूरपर्यंत नकाशावर रेघ ओढली तर ती मराठवाड्यातल्या हिंगोलीच्या उत्तरेकडून जाते. पाचशेहून अधिक किलोमीटरची ही वाट त्या तुकड्यांनी मिनिट-सव्वा मिनिटात कापली. जमिनीवरून संथ वाटलेली चाल सेकंदाला सात किलोमीटरच्या घरातली होती.

या घटनेत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते लाडबोरीचं कडं नव्हे. ते सापडलं नसतं तरी ओळख पटली असती, कारण एकमेकांना न ओळखणाऱ्या शेकडो माणसांनी शेकडो ठिकाणांहून तोच उजेड, त्याच मिनिटाला टिपला होता. एका अंगणातून दिसलेला उजेड ही गोष्ट असते. दोन अंगणांतून, वेळ आणि दिशा यांसकट दिसलेला उजेड ही मोजता येणारी वस्तू होते. आभाळातल्या सगळ्या गूढांची किल्ली एवढ्यात आहे, आणि योगायोग असा की ही किल्ली चालवणारं जगातलं एक अतिशय नाजूक यंत्र हिंगोली जिल्ह्यातच उभं राहायचं आहे.

जागणारा जिल्हा

हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळी झाली. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. कयाधूचं खोरं, पूर्णेवरचं सिद्धेश्वर धरण, सीमेवरून वाहणारी पैनगंगा, नामदेवांची नर्सी, नागनाथाचं ज्योतिर्लिंग, वसमतची हळद. महानगर नाही, रात्रभर धगधगणारा औद्योगिक पट्टा नाही. गावाबाहेर दहा मिनिटं चाललं की अंधार अजून अंधारासारखा मिळतो.

त्या अंधारात जागणारी माणसं हौशी आकाशनिरीक्षक नाहीत. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की बॅटरी घेऊन डीपीपर्यंत जायचं, स्टार्टर दाबायचा आणि हरभऱ्याला, गव्हाला, उसाला पाणी देत दारं धरायची. ज्याच्या पिकात रोही आणि रानडुकरं घुसतात तो जागलीला आखाड्यावर झोपतो, म्हणजे झोपत नाही. फेब्रुवारी-मार्चात हळद शिजवायचं काम अंधार पडल्यावरही चालू राहतं. शहरातला माणूस मध्यरात्रीनंतर आभाळ बघतो तो वर्षातून एखाद्या वेळी, ग्रहण किंवा उल्कावर्षावाची बातमी वाचून. इथल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर ते रोज असतं.

म्हणून आभाळाचं जुनं ज्ञानही इथे होतं. तिकांडं कुठे आलं, बाजलं किती कललं, शुक्राची चांदणी उगवली का, यावरून रात्र किती उरली ते ठरायचं. शेपटीवालं दिसलं की शेंडेनक्षत्र, आणि ते आलं की काळ वाईट. शिवारात हलता जाळ दिसला की आग्यावेताळ, जाळांची रांग दिसली की वेताळाची पालखी. ओळखीची वाट रात्री सापडेनाशी झाली की चकवा. ही नावं नुसती भीतीची नव्हती. जे दिसलं त्याला वर्गवारीत बसवायची ती एक पद्धत होती. आता पालखीची जागा ड्रोनने घेतली आहे, आणि आग्यावेताळाची यूएफओने.

ड्रोनचा पावसाळा

२०२४ च्या जून-जुलैत मराठवाड्यातल्या गावांची झोप उडाली. बीड, जालना या बाजूंनी सुरुवात झाली आणि ओरड आसपासच्या जिल्ह्यांत पसरली: रात्री गावावर ड्रोन फिरतात, लाल-हिरवे दिवे लुकलुकतात, वरून घरं हेरली जातात, मग चोर येतात. तरुणांनी काठ्या घेऊन गस्ती घातल्या. पोलिसांचे फोन वाजत राहिले. मराठा आरक्षणाचं आंदोलन तापलेलं असल्यामुळे आंदोलनाचं केंद्र असलेल्या अंतरवाली सराटीवरच्या ड्रोनला राजकीय धारही आली आणि पावसाळी अधिवेशनात हा विषय विधानसभेत निघाला.

ड्रोन नव्हतेच असं म्हणणं चूक. ड्रोन आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. गावठाणांच्या मोजणीसाठी ‘स्वामित्व’ योजनेत ते उडाले, फवारणीसाठी उडतात, लग्नाच्या चित्रीकरणाला तर हमखास असतात. पण दर रात्री दर गावावर दिसलेला प्रत्येक उजेड ड्रोनच होता, असं मानायलाही आधार नाही. एकदा गावाने मान वर केली की नेहमीचं आभाळसुद्धा नवं दिसू लागतं. मराठवाड्यावरून रात्री जाणारी प्रवासी विमानं काल सुरू झालेली नाहीत. त्यांचे लाल-हिरवे दिवे आधीही होते, पण त्यांच्याकडे बघायचं कारण नव्हतं.

अशा भीतीची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षेकरी होते, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढा भागातून आलेले. आधी काही दिवस मोबाईलवरून संदेश फिरत होते. काठ्या घेऊन जागणाऱ्या गावात रात्री अनोळखी माणूस शिरला तर काय होऊ शकतं, हे ठाऊक असल्यामुळे ‘आभाळातला उजेड’ हा विषय गमतीचा राहत नाही.

मग ओळखायचं कसं? त्यासाठी दुर्बीण लागत नाही. पाच किलोमीटर अंतरावरची दोन गावं लागतात.

नियमाने ड्रोन साधारण १२० मीटरपेक्षा वर नेता येत नाही. तो एका गावाच्या बरोबर डोक्यावर असेल तर पाच किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावातून तो क्षितिजापासून जेमतेम दीड अंशावर येतो, म्हणजे बाभळींच्या आणि घरांच्या आड. दुसऱ्या गावाला तो दिसणारच नाही. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान एका गावाच्या डोक्यावर असेल, तेव्हा दुसऱ्या गावातून ते क्षितिजापासून साधारण ६३ अंशांवर, म्हणजे स्पष्टपणे एका बाजूला कललेलं दिसेल. आणि पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरचा उपग्रह दोन्ही गावांना डोक्यावरच दिसेल, फरक डोळ्याला कळणारही नाही. एवढाच हिशेब. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे १० अंश झाकते, तेव्हा कोन मोजायचं साधन प्रत्येकाच्या खांद्याला लटकलेलंच आहे.

ही युक्ती सव्वादोनशे वर्षं जुनी आहे. १७९८ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेनचे ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग हे दोन विद्यार्थी काही किलोमीटर अंतरावर बसून एकाच वेळी तुटते तारे टिपू लागले. दोघांच्या नोंदींतला दिशेचा फरक मोजून त्यांनी उल्का किती उंचीवर जळतात ते काढलं: ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या आसपास. तोपर्यंत उल्का म्हणजे हवेतलीच काहीतरी वाफ पेटते, असं विद्वानांना वाटत होतं. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ एप्रिल १८०३ रोजी, फ्रान्समधल्या लेगल गावाच्या परिसरात भर दुपारी दगडांचा पाऊस पडला. आकाशातून दगड पडतात ही खेडवळांची भाकड कथा, असं त्या काळच्या पुष्कळ पंडितांचं मत होतं. जाँ-बाप्तिस्त बियो हा तरुण शास्त्रज्ञ चौकशीला गेला, गावोगाव फिरला, कुणी कुठून काय पाहिलं, काय ऐकलं, दगड कुठे सापडले ते लिहून घेत गेला आणि त्याचा नकाशा केला. एकमेकांशी संबंध नसलेल्या गावांची सांगणी एकाच लंबवर्तुळात जाऊन बसली. खेडूत बरोबर होते. पंडितांना मत बदलावं लागलं.

आपल्याकडचं उदाहरण काटोलचं. २२ मे २०१२ च्या दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात मोठा धमाका झाला आणि दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तुकडे गोळा केले. पुढे आयआयटी खरगपूरच्या आणि इतर संशोधकांना त्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडलं, जे पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असतं आणि नमुना म्हणून हाताला लागणं जवळपास अशक्य. ऐन उन्हाळ्यात पडलेल्या त्या दगडांनी पृथ्वीच्या पोटातली खूण आणून दिली. लोकांनी ते नुसते देव्हाऱ्यात ठेवून दिले असते तर हे कळलं नसतं.

माळ आणि चांदणी

गेल्या पाच-सहा वर्षांत सर्वांत जास्त गोंधळ घातला तो उपग्रहांच्या माळेने. मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एकदम सोडले गेले, आणि तेव्हापासून दर काही दिवसांनी नवी तुकडी जातेच आहे. सोडल्यावर सुरुवातीचे दिवस ते कमी उंचीवर, एकामागे एक, जवळजवळ असतात. सूर्य मावळून तास-दीड तास झालेला असतो, खाली अंधार असतो, पण तीनशे किलोमीटर वर ऊन असतं. ते ऊन त्यांच्यावरून परावर्तित होतं आणि खालच्या माणसाला सरळ रेषेत सरकणारी दिव्यांची ओळ दिसते. मधेच ती ओळ विझते, एकेक दिवा करून. घाबरायला होतं ते तेव्हा. प्रत्यक्षात उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरलेले असतात. ही माळ हिंगोलीत दिसते तेव्हा मुंबईतही दिसू शकते. हिंगोलीतल्या माणसाने मुंबईतल्या भावाला फोन करून विचारलं की भीतीचा निम्मा भाग जागेवर संपतो.

दुसरा जुना फसवा म्हणजे शुक्र. तो इतका तेजस्वी असतो की पातळ ढग सरकू लागले की ढग स्थिर आणि चांदणीच पळते आहे असं वाटतं. अंधारात एकट्या ठिपक्याकडे बराच वेळ टक लावली की आजूबाजूला आधार नसल्याने डोळाच त्याला हलवतो. रोज संध्याकाळी त्याच बाजूला, त्याच झाडावर येणारा आणि रोज थोडा सरकत जाणारा ‘ड्रोन’ असेल, तर पंचांग उघडून शुक्र कुठे आहे ते आधी बघावं.

आवाज नसलेल्या विजा

एप्रिल-मेच्या वळवाच्या दिवसांत हिंगोलीच्या क्षितिजावर रात्रभर उजेड थरथरताना दिसतो. डोक्यावर चांदणं निर्मळ, वारा पडलेला, गडगडाट नाही, आणि एका कोपऱ्यात आभाळ आतून पेटल्यासारखं होतं. ही वेगळी वीज नाही. वादळी ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटर वर गेलेला असतो, त्यामुळे दीडशे-दोनशे किलोमीटरवरचं वादळसुद्धा मोकळ्या माळावरून दिसतं. गडगडाट मात्र वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे पोचत नाही. प्रकाश आला, आवाज वाटेत विरला.

चमक आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजून तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. एका माणसाला अंतर कळतं, दिशा मात्र अंदाजाने. अनेक ठिकाणांहून मोजलं तर जागाच कळते, आणि पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था नेमकं तेच करते. देशभर पसरलेले तिचे ऐंशीहून अधिक संवेदक विजेची रेडिओ लहर पकडतात. लहर कोणत्या संवेदकाला आधी पोचली, कोणत्याला किती उशिरा, या वेळेच्या फरकावरून वीज कुठे पडली ते ठरतं. त्यावर उभं असलेलं ‘दामिनी’ हे ॲप आपल्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधल्या विजांचा इशारा देतं. २०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ माणसं मारली, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. त्यांतली पुष्कळशी शेतात किंवा झाडाखाली होती. आभाळातल्या गूढ उजेडांना घाबरणाऱ्या गावाने खरं घाबरायचं असेल तर ओळखीच्या उजेडाला घाबरावं. मोबाईलवर व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी दामिनी उघडलं तर जीव वाचण्याचा संभव अधिक.

हवामानाने या भागाला चकित केल्याचं मोठं उदाहरण २०१४ चं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा आणि विदर्भावर गारपीट होत राहिली. एखादी संध्याकाळ नव्हे, दिवसामागून दिवस. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी आडवी झाली, शेतं पांढरी झाली. तेव्हा कुणी परग्रहाचं नाव काढलं नाही, कारण नुकसान इतकं खरं होतं की गूढाला जागाच उरली नव्हती. चंद्राला पडणाऱ्या खळ्यातही गूढ काही नाही. उंचावरच्या पातळ ढगांतले बर्फाचे षट्कोनी स्फटिक चंद्रप्रकाश वाकवतात आणि चंद्राभोवती २२ अंशांचं, म्हणजे सव्वादोन मुठींचं कडं दिसतं. असे ढग कधी कधी पावसाळी हवेच्या पुढे धावतात, म्हणून खळं पडलं की पाऊस येणार या जुन्या ठोकताळ्यात तथ्य आहे, खात्री मात्र नाही.

सगळंच उलगडलेलं आहे, असंही नाही. वादळाच्या माथ्यावर क्षणभर लाल झुंबरं चमकतात असं वैमानिक सांगत, आणि शास्त्रज्ञ ऐकून घेत, विश्वास ठेवत नसत. ६ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅमेऱ्यात ती योगायोगाने सापडली. पन्नास ते नव्वद किलोमीटर उंचीवर, सेकंदाच्या लहानशा अंशात होऊन जाणाऱ्या या विजेला आज ‘स्प्राइट’ म्हणतात. जमिनीलगत तरंगत जाणाऱ्या गोळ्यासारख्या विजेच्या कहाण्या शतकानुशतकं आहेत. २०१२ मध्ये चीनमधल्या संशोधकांना साध्या विजांचं चित्रण करताना असा गोळा अचानक मिळाला आणि त्याच्या प्रकाशात मातीतली मूलद्रव्यं दिसली: सिलिकॉन, लोह, कॅल्शियम. तो नेमका कसा तयार होतो यावर अजून एकमत नाही. तेव्हा आखाड्यावरचा म्हातारा काही सांगत असेल तर त्याला हसण्याआधी कधी, कुठून, कोणत्या बाजूला, किती वेळ, हे विचारून घ्यावं.

खालून येणारं गूढ

हिंगोलीत गूढ वरूनच येतं असं नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना कित्येक वर्षं जमिनीतून गडगडण्याचे आवाज येतात. भांडी खणखणतात, माणसं घराबाहेर येतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘गूढ आवाज’ असा मथळा येतो. कारण बहुधा साधं असतं: कमी खोलीवर, काळ्या बेसाल्टच्या थरांखाली होणारा बारीक भूकंप. त्याच्या जलद कंपनांचा काही भाग जमिनीतून हवेत उतरतो आणि कानाला तोफेसारखा लागतो. हादरा इतका लहान असू शकतो की पायांना कळत नाही, कानांना कळतो.

२०२४ मध्ये मात्र पायांनाही कळलं. २१ मार्चच्या सकाळी सहा वाजून गेल्यावर दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. १० जुलैच्या सकाळी सव्वासातच्या सुमारास कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याच्या परिसरात केंद्र असलेला ४.५ चा धक्का हिंगोलीसह नांदेड, परभणीत जाणवला. १९९३ च्या ३० सप्टेंबरची किल्लारीची पहाट आठवणाऱ्या पिढीला हे हलकं घेता येत नाही. भूकंपाचं केंद्र काढायची रीतही तीच आहे. एका केंद्रावरचा भूकंपमापक फार तर धक्का किती लांबून आला ते सांगतो. तीन-चार ठिकाणच्या नोंदी आल्या, त्यांच्या वेळा ताडून पाहिल्या, की तालुका आणि गाव सापडतं.

दुधाळ्याचं यंत्र

आता त्या नाजूक यंत्राकडे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडिया उभं राहणार आहे. केंद्राने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला, आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय यांचा हा प्रकल्प. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांत पुन्हापुन्हा येरझारा घालणारा लेझर आणि टोकांना आरसे. विश्वात कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशात लहर उठते आणि या नळ्यांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा-हजाराव्या भागाइतकी बदलते. तेवढा बदल मोजायचा.

एवढ्या संवेदनशील यंत्राला ट्रक, रेल्वे, समुद्राच्या लाटा, वारा, सगळंच ऐकू येतं. मग लहर खरी की शेजारून ट्रॅक्टर गेला, हे कसं ठरवायचं? पुन्हा दुसऱ्या शिवारातून. अमेरिकेत असे दोन शोधक आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर. १४ सप्टेंबर २०१५ रोजी मिळालेला पहिला संकेत आधी लिव्हिंग्स्टनला आणि सुमारे सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला पोचला. आकार तोच, वेळेत फरक तेवढाच, जेवढा प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या लहरीला शोभेल. म्हणून तो मानला गेला. एकाच ठिकाणी उमटला असता तर त्यावर कुणी पैज लावली नसती. अशा संकेतांच्या विश्लेषणाच्या पद्धतींचा पाया घालणाऱ्यांत आयुकाचे संजीव धुरंधर हे नाव आदराने घेतलं जातं.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची धडक झाल्याची लहर आली, तेव्हा इटलीतला व्हर्गो हा तिसरा शोधक सोबत होता. त्यामुळे आकाशातला २८ चौरस अंशांचा तुकडा ठरवता आला, दुर्बिणी तिकडे वळल्या आणि तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत नवा उजेड सापडला. दुधाळ्याचा शोधक या कुटुंबात आला की जागा आणखी नेमकी होईल, कारण तो बाकीच्यांपासून फार लांब, पृथ्वीच्या वेगळ्याच अंगावर आहे. गावांच्या हिशेबातली पाच किलोमीटर इथे हजारो किलोमीटर झाली, बाकी भूमिती तीच.

आणि इथेच विजेने एक पेच टाकलेला आहे. जगात कुठेही जबरदस्त वीज कोसळली की तिचा चुंबकीय झटका जमीन आणि आयनांबर यांच्या मधल्या पोकळीतून पृथ्वीभर पसरतो. तो हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन शोधकांना जवळजवळ एकाच वेळी हलवू शकतो. मग दोन साक्षी जुळल्या, पण दोघांनाही एकाच तिसऱ्याने पढवलेलं आहे. म्हणून लायगोत चुंबकमापक बसवलेले असतात, ही लबाडी पकडण्यासाठी. दोन साक्षीदार असणं पुरत नाही. ते एकमेकांपासून आणि तिसऱ्या कुणापासूनही स्वतंत्र असावे लागतात.

२०२४ च्या ड्रोनची कथा या अंगाने पुन्हा वाचून पाहावी. दहा गावांनी तेच सांगितलं, हे खरं. पण त्या दहा गावांच्या हातात सकाळी एकच व्हिडिओ पोचलेला असू शकतो. तो पाहून रात्री वर बघणाऱ्या दहा गावांची साक्ष ही एकच साक्ष आहे, दहा वेळा दिलेली. बियोला लेगलमध्ये जे मिळालं ते यासाठी की एका गावाला दुसऱ्या गावाने काय पाहिलं ते ठाऊक नव्हतं.

एक वही

तेव्हा सुचवायचं ते साधं आहे. शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा पारावरच्या दुकानात एक वही असावी. उजेड दिसला की लिहायचं: तारीख, घड्याळातली वेळ सेकंदासकट, आपण उभे कुठे होतो तो गट नंबर, उजेड कोणत्या झाडाच्या किंवा टॉवरच्या बाजूला होता, क्षितिजापासून किती मुठी वर, कुठून कुठे गेला, किती सेकंद दिसला, आवाज आला का आणि आला तर किती सेकंदांनी. व्हिडिओ घेतला असेल तर चौकटीत एखादं घर किंवा झाड ठेवायचं, नुसता काळ्या पडद्यावरचा पांढरा ठिपका कुणाच्या कामाचा नाही. आणि हे सगळं ग्रुप उघडण्याआधी लिहायचं. शेजारच्या गावातल्या वहीशी ताळा दुसऱ्या दिवशी घालायचा. सातवी-आठवीची मुलं भूमितीच्या तासाला हे हसतखेळत करतील. त्यांच्या जिल्ह्यात होणाऱ्या त्या महायंत्राचं गणित याहून वेगळं नाही.

बहुतेक पानं रोजच्या जमाखर्चासारखी निघतील: विमान, शुक्र, उपग्रहांची माळ, लांबची वीज, कुणाच्या तरी लग्नातला ड्रोन. त्यात निराश होण्यासारखं काही नाही, कारण ओळखता आलेल्या प्रत्येक नोंदीमागे एका गावाची एक रात्र शांत गेलेली असेल आणि एखादा वाटसरू सुखरूप पुढे गेलेला असेल. उरलेल्या थोड्या नोंदी मात्र जपाव्यात. दोन शिवारांतून, दोन वेगळ्या हस्ताक्षरांत, एकमेकींना न विचारता लिहिलेल्या दोन ओळी जुळल्या, आणि तरीही त्यांचा उलगडा कुठल्याच यादीत बसला नाही, तर हिंगोलीच्या आभाळात खरोखर काहीतरी नवं दिसलं, असं म्हणायचा हक्क या जिल्ह्याला मिळेल. तोवर तो हक्क कुणाच्याच व्हिडिओला नाही.